बिनशेपटीचा नकार

इराणातल्या आमच्या केरमानच्या बायकांना कळा सोसायला शिकवणे सोपे आहे, 'नको' म्हणायला शिकवणे महाकठीण, असे तूरान खानम म्हणायची. आणि ते ती गमतीने म्हणत नसे. उमेदीची सारी वर्षे तिने सरकारी इस्पितळाच्या प्रसूतिघरात सुईण म्हणून घालवली होती. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, गालिचे अंथरले, मोठाले रबरी चेंडू आणले आणि ज्यांना सुई-औषधाशिवाय बाळंत व्हायचे होते अशा बायकांना शिकवायला बसली. श्वास कसा घ्यायचा, कळ आली की भार कुठे टाकायचा, कधी उठून चालायचे, कधी उकिडवे बसायचे. दिवस भरले की त्यांच्यासोबत इस्पितळात जायचे आणि बाळ बाहेर येईपर्यंत उशाशी उभे राहायचे, हेही त्यातच आले.

कळा बधिर करायला पाठीत सुई घेण्याविरुद्ध तिचे काही म्हणणे नव्हते. "जिला हवी तिनं खुशाल घ्यावी, त्यात कसलं पाप आलंय," असे ती स्वच्छ सांगायची. तिचे डोके फिरायचे ते वेगळ्याच बायकांवर. ज्यांना सुई नको असते, ज्या महिनोन्महिने त्यासाठी घाम गाळतात, आणि ऐन वेळी निव्वळ भिडेपोटी ती घेऊन मोकळ्या होतात, त्यांच्यावर. आणि मोनीरे ही तसल्या बायकांची राणी होती.

ती पहिल्यांदा आली तेव्हा बाहेर गारठा होता. प्राथमिक शाळेत शिक्षिका, घरी सहा वर्षांची मुलगी, पोटात दुसरे. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, सगळी खुर्ची वापरली तर कुणाचे तरी नुकसान होईल तशी.

"पहिल्या वेळी काय झालं?" तूरान खानमने विचारले.

"सुई नको होती मला. तसं मी सांगितलंसुद्धा," मोनीरे म्हणाली. "पण ते भूल देणारे डॉक्टर बिचारे चहा अर्धा टाकून वर आले होते हो. मी म्हटलं, नको, उगीच तुम्हाला त्रास. ते म्हणाले, त्रास कसला, आमचं कामच आहे ते. मी म्हटलं, खरंच नको, तुमचे हात दुखतील. ते म्हणाले, तुमच्यासाठी दुखले तर दुखू देत."

"मग?"

"मग त्यांनी दिली."

तूरान खानमने कपाळाला हात लावला. "आणि तू काय केलंस?"

"मी आभार मानले."

खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी ठणाणा हॉर्न वाजवत होती. तूरान खानमने उठून खिडकी आपटून लावली. त्या डॉक्टरवर रागावावे तर त्या बिचाऱ्याचे तरी काय चुकले? आमच्या गावात पहिला नकार म्हणजे नमस्कार, दुसरा म्हणजे विनय, आणि तिसऱ्या नकाराला समोरचा म्हणतो, बघा बाई किती लाजते. याला आम्ही तआरोफ म्हणतो आणि त्याचा मोठा अभिमान बाळगतो. टॅक्सीवाला भाडे घेताना म्हणतो, राहू द्या, काय घाई आहे. आणि तुम्ही खरेच राहू दिलेत तर तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. तेव्हा 'नको, उगीच त्रास' असे म्हणणाऱ्या बाईला सुई हवी आहे असेच कोणताही सभ्य केरमानी समजणार. सभ्यपणानेच घात केला होता, आणि सभ्यपणावर कुठे तक्रार करता येत नाही.

"त्याचं एवढं काही नाही," मोनीरे खाली बघत म्हणाली. "पण कमरेखालचं सगळं बधिर झालं. मुलगी झाली ते मला दुसऱ्यांनी सांगितलं. सासूबाई आल्या, 'झाली बरं का तुला मुलगी' म्हणाल्या. मला वाटलं, दुसरीच कुणीतरी बाळंत झालीय आणि मी आपली शेजारी पडलेय. यावेळी मला माझं मला कळायला हवं, तूरान खानम. एवढंच हवंय."

मागणे एवढेच होते. त्या मागण्याआड काय काय येणार हे तूरान खानमला दिसत होते. कळांची तिला चिंता नव्हती, कमरेची हाडे चांगली रुंद होती, पहिले बाळंतपण झालेले होते. चिंता होती ती या बाईच्या जिभेची.

तूरान खानमला तआरोफची चीड होती ती उगाच नव्हे. तिचे लग्नच त्यातून झाले होते. ती सुईणपणाच्या शाळेत शिकत असताना मनूचेहरचे वडील काही कामासाठी घरी आले, भिंतीवरचा मुलीचा फोटो बघून म्हणाले, गुणी दिसते. तिच्या वडिलांनी रीतीप्रमाणे उत्तर दिले, "तुमचीच आहे." गालिच्याचे कौतुक केले तरी आम्ही हेच म्हणतो, घड्याळाचे केले तरी हेच. पण मनूचेहरचे वडील दुसऱ्या आठवड्यात मागणी घालायला साखरेची ढेप आणि मुलाला घेऊन हजर. आता शब्द मागे कसा घ्यायचा, म्हणून वडिलांनी घेतला नाही. आणि वडिलांना तोंडघशी कसे पाडायचे, म्हणून ती गप्प राहिली. मनूचेहर पुढे चांगला निघाला, हा भाग वेगळा. पोस्टात होता, भांडत नसे, भाजी निवडून द्यायचा. तरी जेव्हा जेव्हा तिला त्याचा राग येई तेव्हा ती म्हणे, "मी तुम्हाला गालिच्याच्या भावात मिळाले." आणि तो म्हणे, "गालिचा इतकं बोलला नसता."

तर असली ही बाई. तिने वर्गात श्वासाच्या जोडीला नकाराची तालीम सुरू केली.

"हे बघा," ती चहाची किटली हातात घेऊन गालिच्यावर बसलेल्या सगळ्या पोटुशींना म्हणाली, "मी चहा देतेय. तुम्हाला नकोय. मी ओतणार नाही असा नकार द्या."

पहिली बाई गोड हसली. "तुमचे हात दुखू नयेत, तूरान खानम, आत्ताच घरून घेऊन आले."

तूरान खानमने पेला काठोकाठ भरला. "घरून घेऊन आले, हे कारण झालं. कारण दिलं की समोरचा ते खोडतो. घरचा चहा कुठवर पुरणार, असं मी म्हणणार. पुढची."

"नको, तुमच्यावरून ओवाळून टाका मला," दुसरी म्हणाली.

हाही पेला भरला. "ही शेपटी. नकाराला शेपटी दिसली की आपण ती धरून माणसाला आत ओढतो. नुसतं 'नको' म्हणायचं. मागे आभार नाहीत, पुढे माफी नाही, चेहऱ्यावर हसू नाही. पुढची."

पुढची मोनीरे होती. तिने पेल्यावर तळहात ठेवला, ओठ घट्ट मिटले, तूरान खानमच्या डोळ्याला डोळा भिडवला. सगळा वर्ग श्वास रोखून बघू लागला.

"अर्धाच," मोनीरे म्हणाली.

बायका पोट धरधरून हसल्या. तूरान खानम हसली नाही. "तुझ्या या अर्ध्यानंच तुझा घात केलाय," ती म्हणाली, आणि अर्धा ओतला.

हिवाळाभर हेच चालले. घरी रोज एका गोष्टीला नाही म्हणून यायचे, असा गृहपाठ तिने लावून दिला. बाकीच्या बायका हळूहळू शिकल्या. एकीने तर नणंदेला उसना कोट द्यायला नकार दिला आणि घरात चार दिवस अबोला झाला, तेव्हा तूरान खानमने तिचे वर्गात जाहीर कौतुक केले. मोनीरे मात्र दर वेळी मान खाली घालून येई. सासूने तिसऱ्यांदा रस्सा वाढला, खाल्ला. मुख्याध्यापिकेने सुट्टीच्या दिवशी बोलावले, गेली. शेजारणीने तिचे जुळे सांभाळायला दिले, सांभाळले. एकदा ती खजूर भरलेल्या बिस्किटांचा मोठा डबा घेऊन आली.

"हे काय?"

"गृहपाठ झाला नाही म्हणून."

"मला नको," तूरान खानम म्हणाली.

"असं कसं? मी स्वतः केलीत."

"मोनीरे, मी नको म्हणतेय. अगदी शेपटीशिवाय."

"एकच घ्या. माझं मन मोडू नका."

तूरान खानम घरी पोचली तेव्हा डबा तिच्या पिशवीत होता, आणि त्यातली काही बिस्किटे तिच्या पोटात. मनूचेहरने एक उचलून विचारले, "कुणी दिली?" ती म्हणाली, "माझ्या हरण्याची आहेत, गुपचूप खा."

श्वासात मोनीरे पहिली होती. चेंडूवर तासन्‌तास बसे, उकिडवी बसून उठे, पायऱ्या चढे-उतरे, सांगितलेले सगळे निमूटपणे करी. पण हा निमूटपणाच तूरान खानमच्या डोक्यात जाई. "हिला मी उद्या डोक्यावर उभी राहा म्हटलं तरी राहील," ती नवऱ्याला म्हणायची. "आणि परवा दुसरं कुणी झोप म्हटलं की झोपेल. सगळी तयारी पाण्यात."

"तुझंच ऐकते ना पण," मनूचेहर म्हणाला.

"तेच तर म्हणतेय मी," तूरान खानम करवादली. खरे तर ती काय म्हणत होती ते तिलाही नीट कळले नव्हते.

नौरोजला, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला, सगळे शहर एकमेकांच्या घरी असते. धाकटे थोरल्यांकडे जातात, मग थोरले धाकट्यांकडे येऊन जातात, आणि कुणाच्याच घरी कुणी सापडत नाही असे म्हणत सगळे एकमेकांना सापडतात. त्या दिवशी दुपारी तूरान खानमचा फोन वाजला. मोनीरेचा नवरा बेहजाद होता, आणि तो कुजबुजत होता.

"तूरान खानम, मला वाटतं मोनीरेला कळा येतायत."

"वाटतं म्हणजे? तिला विचार."

"विचारलं. ती म्हणते काही विशेष नाही. पण मघापासून चहाचा ट्रे घेऊन ती तिसऱ्यांदा दाराशी थबकलीय. घरात पाहुणे आहेत."

मनूचेहरने गाडी काढली. रस्ताभर तूरान खानम बडबडत होती की या गावात माणूस मरतानासुद्धा 'आधी तुम्ही' म्हणेल.

मोनीरेच्या घरी चपलांचा ढीग पडला होता. आत भिंतीला टेकून काका, काकू, आतेभाऊ, त्यांच्या बायका, सगळे काकड्या सोलत आणि पिस्ते फोडत बसले होते. मधोमध मोनीरेची सासू, गोहर खानम, हज करून आलेली, गोरीपान, प्रेमळ आणि कुणालाही काहीही न विचारता त्याच्या ताटात वाढणारी. मोनीरे संत्र्यांची परात घेऊन उभी होती. तूरान खानम आत आली तेव्हा तिने हसून 'या ना' म्हटले, आणि मग ते हसू तसेच तोंडावर ठेवून चौकटीला गच्च धरले. बोटे पांढरी पडली. परातीतले संत्रे गडगडत काकांच्या पायाशी गेले.

"किती वेळानं येतायत?" कळ ओसरल्यावर तूरान खानमने विचारले.

"जाऊ द्या हो, काही नाही तेवढं. तुम्ही बसा आधी. काकडी घ्या."

"सकाळपासून आहेत ना?"

मोनीरेने खाली बघितले. "काका आजच येणार होते. दर वर्षी येतात."

तूरान खानमने परात तिच्या हातातून काढून घेतली आणि खोलीकडे वळली. "ही बाई बाळंत होतेय," ती म्हणाली. "संत्री नंतर खा."

मग जी धांदल उडाली ती सांगण्यासारखी नाही. पाहुणे उठले, आम्ही निघतोच म्हणाले. गोहर खानम म्हणाली, असे कसे, जेवल्याशिवाय निघायचे नाही. पाहुणे म्हणाले, नाही नाही. गोहर खानम म्हणाली, माझी शपथ आहे. काकांनी तेवढ्यात पुन्हा बसूनही घेतले. बेहजाद गाडीची किल्ली शोधत होता. शेवटी सगळी वरात दाराशी आली आणि तिथे अडकली, कारण दारातून आधी कोण जाणार हा प्रश्न निघाला.

"आधी तू जा बाळ," काका म्हणाले. "तुला घाई आहे."

"तुमच्याआधी मी कशी जाऊ, काका," मोनीरे म्हणाली.

"अगं, जा."

"शक्य नाही. आधी तुम्ही."

आणि त्याच क्षणी पुन्हा कळ आली. मोनीरे काकांच्या खांद्याला धरून वाकली, तोंडाने लांब श्वास सोडू लागली, अगदी शिकवल्याप्रमाणे. आणि श्वास सोडता सोडता एका हाताने काकांना पुढे व्हा अशी खूण करत राहिली. तूरान खानमच्या संयमाचा बांध तिथे फुटला. तिने काकांचा दंड धरला आणि त्यांना चपलांच्या ढिगातून अनवाणीच अंगणात काढले. मग मोनीरेला. काका पुढे वर्षभर ही गोष्ट सांगत होते की एका सुईणीने मला घराबाहेर काढले.

इस्पितळात सणामुळे शुकशुकाट होता. साध्या प्रसूतीसाठी वेगळी खोली होती, चेंडू होता, भिंतीला धरायला दांडा होता. ड्यूटीवर नेगार नावाची तरुण सुईण होती, तूरान खानमच्याच हाताखाली कधीकाळी शिकलेली. गोहर खानम आणि बेहजादला बाहेरच्या बाकावर बसवले. बाळंतिणीसोबतच्या सुईणीखेरीज त्या खोलीत इतरांना मज्जाव होता.

आणि मोनीरेचे छान चालले होते, हे तूरान खानमलाही कबूल करावे लागले. ती चालली, दांड्याला लोंबकळली, चेंडूवर झुलली. तूरान खानम शेजारून बोलत होती. आता श्वास घे. आता सोड. जबडा सैल. खांदे खाली. आता उकिडवी बस, नको, उभीच राहा, हं, आता चाल. मोनीरे प्रत्येक वेळी मान हलवी आणि सांगितले ते करी. तूरान खानमचा घसा बसला तरी ती थांबली नाही. तिच्या मनात एकच भीती होती, की कुणीतरी दारातून येईल, गोड बोलेल, आणि ही पुन्हा 'अर्धाच' म्हणेल.

ते कुणीतरी संध्याकाळच्या सुमारास आले. ड्यूटीवरची डॉक्टरीण होती, सुट्टीच्या दिवशी एकटीच सगळा मजला सांभाळणारी, डोळ्यांखाली काळे, पण स्वभावाने बरी. तिने तपासले, सगळे ठीक आहे म्हणाली, अजून थोडा वेळ लागेल म्हणाली. मोनीरे घामाने निथळत होती. नुकतीच एक कळ इतकी जबर येऊन गेली होती की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"फार त्रास होतोय तुम्हाला," डॉक्टरीण मायेने म्हणाली. "पाठीत सुई देऊ या का? भूलवाले खालीच आहेत."

"नको," तूरान खानम म्हणाली. "तिला नकोय सुई. महिनोन्महिने तयारी केलीय तिनं. मी सांगते तुम्हाला, तिला अजिबात नको."

डॉक्टरीण मान डोलावून वळणार, एवढ्यात मोनीरे बोलली.

"मला विचारलंय त्यांनी."

आवाज ओळखीचा नव्हता. तूरान खानमला आधी वाटले नेगारच बोलली.

"अगं, मी तुझंच सांगतेय," ती म्हणाली.

"मागच्या वेळी सासूबाई सांगत होत्या. आता तुम्ही सांगताय." मोनीरेने दांडा धरला आणि सरळ उभी राहिली. मग डॉक्टरिणीकडे वळली. "मला विचारा."

डॉक्टरीण जरा गोंधळली. "सुई हवीय का तुम्हाला?"

"नको."

"लाजू नका हां. आम्हाला त्यात काही त्रास नाही, फोन केला की येतात ते."

"नको," मोनीरे म्हणाली.

बस, एवढेच. मागे काही आले नाही, पुढे काही आले नाही. डॉक्टरीण क्षणभर थांबली, आपण सगळेच थांबतो तशी, पुढचे काहीतरी येईल म्हणून. आणि काही येत नाही असे पाहून "बरं" म्हणून निघून गेली. तूरान खानमला वाटले उडी मारावी. सारा हिवाळा पालथ्या घड्यावर पाणी ओतले होते, आणि घडा आज सुलटा झाला होता. तिने मोनीरेच्या पाठीवर हात ठेवला.

"शाब्बास माझी पोरगी. आता श्वास घे, खोल, जबडा सैल—"

"तूरान खानम, तुम्ही बाहेर बसा."

तूरान खानम हसली. अशा अवस्थेतही हिला दुसऱ्याच्या पायांची काळजी, असे तिच्या मनात आले. "अगं, मी नाही दमले. तू माझी चिंता करू नकोस. रात्र-रात्र उभी राहिलेली बाई आहे मी."

"बाहेर."

"राणी, मला काही त्रास नाही—"

मोनीरेने मान वळवून तिच्याकडे बघितले. चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हते, ओशाळलेपण तर नावालाही नव्हते. "तुम्ही सारखं बोलताय," ती म्हणाली. "मला माझं काही ऐकू येत नाहीये. बाहेर जा."

नेगारने घाईघाईने पाठ वळवली आणि टॉवेलांच्या घड्या नीट करू लागली. त्या नीटच होत्या.  तूरान खानमला स्वतःचीच शरम वाटली, की हे तिसऱ्यांदा सांगेपर्यंत आपण थांबलो. मग ती गेली.

बाहेर गोहर खानम जपमाळ ओढत होती. बेहजाद खिडकीशी उभा होता. "झालं?" गोहर खानमने उठत विचारले. "तुम्ही बाहेर कशा?"

थोडी हवा खायला आले असे म्हणता आले असते. जरा पाय मोकळे करते, असेही. या गावात दहा उत्तरे तयार असतात. "तिनं पाठवलं मला," तूरान खानम म्हणाली.

"भिडेनं म्हणाली असेल हो," गोहर खानम लगेच म्हणाली. "तुम्ही दमलात असं वाटलं असेल तिला. तशीच आहे ती, स्वतः मरेल पण दुसऱ्याला उभं ठेवायची नाही. जा तुम्ही आत. पोरींचं काय मनावर घ्यायचं."

तूरान खानमचा हात दाराच्या मुठीपर्यंत गेला, हे खोटे कशाला सांगा. गोहर खानम म्हणते तेच खरे असावे असे तिला मनापासून वाटले. आत जावे, पुन्हा उशाशी उभे राहावे, डोके बाहेर आले की आपणच सगळ्यांत आधी सांगावे. एवढ्या वर्षांत कुणी तिला बाळंतिणीच्या खोलीबाहेर काढले नव्हते.

"नाही, गोहर खानम," ती म्हणाली आणि हात मागे घेतला. "तिला मी खरंच नको होते."

 ती बाकावर बसली आणि तिला भयंकर राग आला. काय पोरगी आहे. हिच्यासाठी मी पाहुण्यांशी भांडले, म्हाताऱ्याला अनवाणी काढले, घसा बसवला, आणि मला बाहेर. साधे 'माफ करा' नाही. हे सगळे तिने मनातल्या मनात म्हटले आणि मग तिला आठवले की माफी नको, हे आपणच घोकून घेतले होते. तेव्हा ती आणखीच चिडली.

आतून मोनीरेचा आवाज आला. मोठा, जाडाभरडा, छातीच्या तळापासून. तो आवाज तिच्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता. गोहर खानम ताडकन उठली. "ओरडतेय ती. काहीतरी द्या म्हणावं तिला. मी सांगते डॉक्टरला."

"बसा," तूरान खानम म्हणाली. "हवं असेल तर मागेल."

"ती? ती कधी काही मागते का?"

"आता मागते."

गोहर खानमने तिच्याकडे रोखून बघितले, पण बसली. जपमाळ मात्र मुठीत तशीच राहिली. बेहजाद खिडकीतून वळला होता आणि दाराकडे बघत होता. आवाज पुन्हा आला, मग लागोपाठ, मग अगदी बंद झाला. आणि त्या शांततेत बाळ रडले.

तिघेही उठले. गोहर खानम सगळ्यात आधी दाराशी पोचली, एक हात सोन्याच्या बांगडीकडे गेलेला, बाळाच्या दुपट्ट्यात ठेवायला. दार फटीइतके उघडून नेगार बाहेर आली. गाल लाल झाले होते.

"मुलगा. दोघंही छान आहेत. तिनं स्वतःच्या हातांनी वर घेतला," ती म्हणाली, आणि दार मागे ओढून घेऊन तिथेच उभी राहिली.

"सर की बाजूला," गोहर खानम म्हणाली.

"हाज खानम, तुमचे पाय आमच्या डोळ्यांवर," नेगार खाली बघत म्हणाली. "पण बाळंतीण म्हणतेय, आत्ता कुणी येऊ नका. ती बोलावेल."

"ते बाहेरच्यांसाठी असेल. माझ्यासाठी नाही."

"नावं घेऊन सांगितलंय हो तिनं," नेगार अगदी रडकुंडीला आली. "तुमचं, आणि तूरान खानमचं."

बेहजादला एकदम हसू फुटले आणि त्याने ते खोकल्यात लपवले. गोहर खानम हळूच वळली. रागापेक्षा तिच्या चेहऱ्यावर अचंबाच जास्त होता.

"असलं शिकवता का तुम्ही बायकांना?" तिने विचारले.

"हो," तूरान खानम म्हणाली. "हेच शिकवते."

तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने पुसले नाहीत. अपमान वाटत होता आणि ऊर भरून आला होता, दोन्ही एकाच वेळी. आतून मोनीरेचा आवाज येत होता, खालच्या पट्टीतला, फक्त बाळाशी बोलणारा, आणि त्यातला एकही शब्द बाहेर कुणासाठी नव्हता. तूरान खानम गोहर खानमच्या शेजारी बाकावर बसली आणि बोलावणे यायची वाट बघू लागली.